बायडाक्काला मिळालेली दाद

“शेपटीवरचा पाय काढा हो भाऊजी, माझी आहे ती.”

शेजारच्या सशाने पाय काढला. “गाणं ऐक, बायडाक्का. तुम्हा उंदरांवरच तर आहे.”

त्या रानात एक अस्वल राज्य करीत असे. त्याचं मधावर प्रेम होतं आणि प्रजेवरही, मध आधी. धान्याचं कोठार घूसबाईंच्या ताब्यात होतं. घूसबाई वर्षभरात तिप्पट झाल्या होत्या, पण त्यांना कुणी जाड म्हणत नसे. अनुभवी म्हणत. कोठारालगत मांडव घातला होता आणि रानाची लाडकी मंजिरी बुलबुल गात होती:

रिकामं बीळ, रिकामी चूल,
दाण्यावाचून निजलं मूल.

सगळं रान रडलं. महाराजांनी डोळे पुसले. घूसबाईंना तर हुंदका नीट देताच येईना, तोंड भरलेलं होतं.

बायडाक्काची सात पिलं बिळात होती आणि तिचं दूध आटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली.

“महाराज, दाद मागायला आलेय. आठ दिवस कोठारातून दाणा मिळालेला नाही.”

महाराज गहिवरले. “गरिबाने मागावी आणि आम्ही देऊ नये? द्या रे, दाद द्या.”

दरबाराने टाळ्या वाजवल्या.

“तशी नव्हे, महाराज.”

“कमी पडली बिचारीला. उभे राहून द्या.”

दरबार उभा राहिला.

आठवडाभरात ‘दारोदारी दाद’ योजना सुरू झाली. माकडं बिळाबिळापाशी जाऊन टाळ्या वाजवत आणि पंजाचा ठसा घेऊन येत. शंभर टक्के उंदरांना दाद पोचली, असा अहवाल आला. मग फर्मान निघालं की हे गाणं रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाजेल, आणि ते चालू असताना काही खाणं हा गरिबीचा अपमान समजला जाईल. उंदरांनी हा नियम काटेकोर पाळला. त्यांना काही वेगळं करावं लागलं नाही.

पुढे महोत्सव ठरला. गाण्याला उठाव यावा म्हणून बायडाक्काला पिलांसकट मंचावर उभं केलं. एका खारीलाही आणलं होतं, पण गाल फुगीर दिसतात म्हणून खाली उतरवलं.

बुलबुल गायली. वन्स मोअर आला. पुन्हा गायली, पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा चोच उघडताना तिची नजर पिलांवर गेली. ती आईला लुचत होती, आणि घोट गिळल्याचा आवाज येत नव्हता. बुलबुल मनाने वाईट नव्हती. तिने गाणं उंच फांदीवर बसून रचलं होतं, एवढंच.

तिचा सूर अडकला. “आक्का,” ती हळूच म्हणाली, “गाण्यात काही चुकलंय का गं?”

“छान म्हण,” मागून घूसबाई पुटपुटल्या. “छान म्हण आणि खाली उतर.”

महाराज मधाचं बोट तोंडातच धरून बसले.

“चुकलं काहीच नाही, बाई,” बायडाक्का म्हणाली. “एक कडवं तेवढं राहिलंय. कोठार भरलेलं आहे.”