नऊ हजार शब्द

“मग प्रस्तावना किती पानांची देणार, सर?”

दिगंबर लहाने खुर्ची पुढे ओढून बसला होता. मांडीवर पुस्तकाचं बाड. इंग्रजीतले नऊ हजार दुर्मिळ शब्द, अर्थासकट. अकरा वर्षांची मेहनत.

साळवे सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“चार पानं? पाच?”

“हो,” सर म्हणाले. आणि जरा वेळानं, “हो… हो…”

दाराशी उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी, मार्थाकाकू, म्हणाल्या, “आता एवढंच येतं त्यांना. हो आणि नाही. कधी एखादा दुसरा शब्द. दिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. तुला दोनदा निरोप धाडला होता, दिगंबर.”

निरोप पोचले होते. पुस्तक हातावेगळं झालं की जाऊ, असं तो म्हणाला होता. नुसता हात लुळा पडला असेल, असं त्याला वाटलं होतं.

जालन्याच्या मिशन कंपाउंडातल्या ह्याच घरी तो आठवीत असताना येत असे. खेड्यातला पोरगा. भर वर्गात त्यानं ‘कर्नल’चं ‘कोलोनेल’ वाचलं आणि पोरं आठवडाभर त्याला त्याच नावानं हाका मारत होती. सर कुणावर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज एक इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात ठेवू लागले. तीन वर्षं. त्या चिठ्ठ्यांवरच पुढे त्याचा क्लास उभा राहिला, पुण्यात नाव झालं.

आता काहीतरी बोलायला हवं होतं.

“ह्याला अफेझिया म्हणतात, काकू. मूळ ग्रीक. ‘अ’ म्हणजे नाही, आणि…”

“डॉक्टरांनी सांगितलंय,” काकू म्हणाल्या. “बस जरा त्यांच्यापाशी. समोरच्या दुकानातून गोळ्या घेऊन येते.”

त्या गेल्या.

खोलीत फक्त सरांचा श्वास ऐकू येत होता. दिगंबरला ती शांतता सोसेना. त्यानं बाड उघडलं.

“हा बघा, सर. क्विडनंक. सकाळपासून ‘काय नवीन?’ विचारत गावभर हिंडणारा माणूस… आणि हा. डिफेनेस्ट्रेशन. माणसाला उचलून खिडकीतून बाहेर फेकणं. त्याला वेगळा शब्द आहे, सर.”

सरांचा डावा हात हळूहळू वर आला. बोटं ओठांना लागली. तोंड उघडलं, मिटलं.

दिगंबरला बरं वाटलं. सरांना शब्द आठवत होता तर.

“येतोय, सर. घाई नाही. पहिलं अक्षर सांगा.”

वर्गात सर असंच म्हणत.

सरांनी मान हलवली. बोटं पुन्हा ओठांवर नेली. जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा बारीक आवाज झाला… मग दुसऱ्यांदा. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

दिगंबर बघत होता. आणि मग त्याचा चेहरा उजळला.

“झेरोस्टोमिया,” तो म्हणाला. “तोंडाला कोरड पडणं. आहे, सर, पुस्तकात आहे.” त्यानं भराभरा पानं उलटली, हवं ते सापडल्यावर बाड शेजारच्या स्टुलावर उघडं ठेवलं आणि शब्दावर बोट टेकवलं. “हे बघा.”

सरांनी ते बघितलं. मग हात खाली पडला.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि गोळ्यांची पिशवी तशीच खाटेवर टाकली. स्टुलावरचं बाड उचलून दिगंबरच्या हातात दिलं. बाडामागे स्टुलावरच पाण्याचा तांब्या होता, वर झाकण, झाकणावर चमचा. दिगंबरच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

काकूंनी सरांच्या गळ्याशी फडकं धरलं आणि एकेक चमचा पाणी पाजू लागल्या. अर्धं आत जात होतं, अर्धं हनुवटीवरून ओघळत होतं. सर डोळे मिटून गिळत होते.



दिगंबर उठून उभा राहिला. हातातलं बाड कुठे ठेवावं ते त्याला कळेना. ह्या घटकेला काय म्हणतात, ते तो नऊ हजारांत शोधत होता आणि एकही शब्द जवळ येत नव्हता.

“सर, मला…” तो म्हणाला, आणि थांबला.

सरांनी डोळे उघडले. काकूंचा चमचा डाव्या हातानं बाजूला सारला. कपाळावरची शीर फुगली. वर्गात फळ्यासमोर थांबत तसे ते थांबले, एकेक शब्द लांबून ओढून आणावा तसा आणत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर दिगंबरला सोसवला असता.

“शब्द… आला,” सर म्हणाले. “पाणी… नाही.”