सरडेबुवांची मान

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत होते तेव्हाची गोष्ट. शेताच्या बांधावर एक मांजर वस्तीला आलं आणि उंदरांच्या बिळांचे भाव धाडकन पडले. ज्या बिळाला कालपर्यंत ज्वारीचं अख्खं कणीस मिळे, ते आज कुणी फुकट घेईना.

मग काय, घरांचे जाणकार उगवले! सरडेबुवा दगडावर ऊन खात बसायचे आणि कुठल्या बिळाची किंमत टिकेल ते सांगायचे. समोर ही रांग!

चिंगी उंदरीण पिलांना घेऊन आली. "बुवा, माझं बीळ देऊन ओढ्याकाठचं घेऊ का? त्याचा भाव टिकेल ना?"

बुवांनी मान हलवली.

"पण पावसात तिथं पाणी शिरतं म्हणे."

बुवांनी मान हलवली.

"अगंबाई, मग माझी पिलं बुडतील की! त्यापेक्षा माझंच बरं. मागचं दार आहे, मांजर आलं तर पळता तरी येतं."

बुवांनी मान हलवली, वर रंगही बदलला.

चिंगी भडकली. "बुवा, तुम्ही स्वतः कधी बीळ खणलंय का हो?"

तेवढी एकदा बुवांची मान हलली नाही.

चिंगी पिलांना घेऊन आपल्या बिळात परतली. रांगेतला पुढचा उंदीर लगबगीनं सरकला. "बुवा, आता माझं सांगा."