मुरारी शिकतच राहिला

वडजी नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. नाव मुरारी. शाळेने त्याला चौथीतच घरी पाठवला होता, आणि पिठाच्या गिरणीने परवा. मालक म्हणाला होता, "गिरणीवर नजर ठेव." मुरारीने ठेवली. पीठ जमिनीवर सांडत राहिलं, तरी नजर हलवली नाही.

गावात कळमकर गुरुजींनी वाचनालय काढलं होतं. तिथे गुरुजी आणि माश्या, एवढेच बसायचे. गुरुजी मुरारीला म्हणाले, "शिकायचं ते काय शाळेपुरतं नि नोकरीपुरतंच? माणसाने जन्मभर शिकावं. दिसेल त्याबद्दल का, कसं, विचारत सुटावं."

मुरारीला बरं वाटलं. शाळा नाही, नोकरी नाही, म्हणजे आपली तयारी झालेलीच आहे.

पारावर दगडू न्हावी पाटलांची दाढी करत होता. मुरारीने त्याचं कोपर धरून विचारलं, "वस्तरा असा तिरपा का धरायचा?"

दगडूने वळून सांगितलं. पाटलांची अर्धी मिशी गेली.

गुरुजी म्हणाले, "अरे, काम चालू असताना विचारू नये. गप उभं राहून शेवटपर्यंत बघावं."

"बरं," मुरारी म्हणाला.

दुपारी घरी आला, तर एक अनोळखी माणूस त्याचीच शेळी सोडत होता. मुरारी गप उभा राहिला. माणूस जरा दचकला. मग त्याने शेळीच्या तोंडात बाभळीचा पाला दिला, कान धरला आणि निघाला. मुरारी वेशीपर्यंत बघत गेला.

बायको सुभद्रा आली. "अहो, शेळी कुठाय?"

"नेली. पण काय हात होता त्याचा. तोंडात पाला असला की शेळी ओरडतच नाही."

सुभद्रा मटकन खाली बसली. घरात चहाला दूध होतं ते त्या शेळीचंच. मुरारीलाही वाईट वाटलं. एवढी चांगली विद्या, आणि हिला तिचं काहीच नाही.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "नुसता बघत काय राहिलास? हातपाय हलवावेत. शिकलेलं करून बघितलं तरच अंगी लागतं."

"बरं."

मुरारीने पाला तोडला, पाटलांच्या गोठ्यात शिरला आणि शेळी सोडली. शेळी ओरडली नाही. पाटील ओरडले, काठी घेऊन धावलेही. गुरुजी मध्ये पडले म्हणून मुरारीची पाठ वाचली.

"हे असलं चोरून काय करतोस?" गुरुजी म्हणाले. "विद्या लपवू नये. उघडपणे चारचौघांना शिकवावी."

मुरारीला पटलं. त्याने वाचनालयात वर्ग भरतोय म्हणून घरोघरी सांगितलं, विषयही सांगितला. गाव लोटला. माणसं खिडक्यांत बसली.

गुरुजी उशिरा आले. दारातूनच ती गर्दी बघून ते हरखले. उपरण्याने डोळे टिपत ते म्हणाले, "मुरारी, काय शिकवलंस ते मी विचारत नाही. पण मंडळी घरी जाऊन विसरायला नकोत. लगेच सराव हवा."

"बरं. परीक्षाच घेतो."

सकाळी गुरुजी आपल्या शेळीची धार काढायला गेले. खुंटा रिकामा. बाहेर येऊन बघतात तो गावात एकाही खुंट्याला त्या घरची शेळी नव्हती. पाटलांची दगडूकडे, दगडूची सरपंचांकडे. गुरुजींची मात्र कुणाकडेच नव्हती.

मुरारी तोंडभर हसत समोर आला.

"गुरुजी, एकही शेळी ओरडली नाही. सगळे पास. तुमची ज्याने नेली ना, तो पहिला आला."