भेकरीचा सल्ला

डोंगरावर अजून माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. म्हाताऱ्या बिबट्याला खाल्लेलं पचेना, म्हणून त्याने सगळ्यांना उंबराखाली सल्ल्याला बोलावलं.

"मांस सोडू नका, ताकद जाईल," कोल्हा म्हणाला. उरलेली हाडं त्यालाच मिळायची. रानमांजराने दुधाची बाजू लावून धरली.

कडेला भेकरी हरणी उभी होती. तिची पाडसं मागे करवंदीच्या जाळीत लपली होती. आज बिबट्याने मांस सोडलं, तर पाडसं जगणार होती. कसाबसा धीर करून ती पुढे झाली.

"मांसाने अंग जड होतं आजोबा, दुधाने कफ. गवतासारखं दुसरं काही नाही."

"कशावरून म्हणतेस?" बिबट्याने विचारलं.

भीतीने तिला दुसरं काही सुचेना. "माझ्याकडेच बघा ना," ती घाईघाईने म्हणाली. "कातडी कशी तुकतुकीत आहे, मांड्या कशा भरल्यात. आजवर एक दिवस आजारी पडले नाही."

बिबट्याने तिला बराच वेळ न्याहाळलं. मग ओठांवरून जीभ फिरवत तो उठला.

"पटलं मला," तो जवळ येत म्हणाला. "गवत चांगलंच. फक्त ते आधी कुणीतरी खाल्लेलं हवं."