अंगाखालचे गवत

साग-मोहाच्या एका रानात एक अस्वलीण राहत असे. तिच्याजवळ कुत्र्याचे एक पिल्लू होते. धनगरांचा तळ हलला तेव्हा गडबडीत ते मागेच राहिले होते, आणि अस्वलिणीने त्याला अलगद तोंडात धरून आपल्या गुहेत आणले होते. तेव्हापासून ते तिच्या पाठीवर बसून हिंडे आणि तिच्या कुशीत निजे. ती जरा नजरेआड झाली, की पठ्ठ्या अन्नाला तोंड लावत नसे. एकदा मागे राहिल्याची धास्ती बिचाऱ्याच्या मनातून जातच नव्हती.

एके दिवशी डोंगरापलीकडून सांगावा आला. अस्वलिणीच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते. बाळंतपणाला जाणे तर भागच होते. पण त्या कडेकपारीतून पिल्लाला नेणार कसे? ती शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराकडे गेली. साळिंदर अंगाने काटेरी आणि बोलायला त्याहून काटेरी! त्याने प्रश्नांची सरबत्तीच लावली. पिल्लू खाते काय, बिचकते कशाला, रडू लागले तर समजूत कशी घालायची, कुठे खाजवले की शांत होते? अस्वलीण वैतागली. हा बुवा पिल्लू सांभाळणार की नुसत्या चौकशा करणार, असे पुटपुटत ती माकडाकडे गेली. माकडाने छाती ठोकून सांगितले, "वहिनी, काळजीच सोडा. पिल्लू झोपलं की गुपचूप निघा, म्हणजे रडारड नाही." तिला हे फार सोयीचे वाटले. त्याच दुपारी ती पाय न वाजवता निघाली.

ओढ्यापाशी पोचते तर आठवले, बहिणीसाठी जपून ठेवलेले मधाचे पोळे घरीच राहिले! ती तशीच माघारी फिरली. गुहेजवळ येईतो तिन्हीसांजा झाल्या. समोर पाहते तो काय! पिल्लू तिच्या पावलांचा माग हुंगत वाटेवर आलेले, आणि झुडपाआड बिबट्या दबा धरून बसलेला. दोघांच्या मधे साळिंदर उभे होते, सगळे काटे फुलवून, खडखडा वाजवत. पिल्लाचे रडणे ऐकून ते बिळातून धावत आले होते. अस्वलिणीने डरकाळी फोडली तसा बिबट्या पसार झाला. माकड मात्र उंच फांदीवर होते. मी पुढ्यात उंबरांचा ढीग ठेवला होता, त्यानेच खाल्ली नाहीत, त्याला मी काय करू, असे ते वरूनच सांगू लागले.

पिल्लाला पोटाशी घेऊन अस्वलीण साळिंदरापुढे बसली. "बुवा, चुकलं माझं. काय विचारायचं ते विचारा."

साळिंदराने पुन्हा पहिल्यापासून सगळे विचारले आणि तिने सगळे सांगितले. शेवटी ते म्हणाले, "आता तुझ्या अंगाखालचं गवत मला दे. तुझा वास असला की त्याला झोप लागेल. आणि निघताना त्याला उठव. चोरासारखी जाऊ नकोस."

सकाळी अस्वलिणीने पिल्लाला उठवले, चाटले, "येते रे मी," असे सांगितले. पिल्लू रडले, ओढ्यापर्यंत मागे मागे गेले. साळिंदर त्याच्या सोबत होते. अस्वलीण दिसेनाशी झाल्यावर पिल्लू त्याच्याबरोबर परतले आणि बिळाच्या तोंडाशी त्या गवतावर जाऊन पडले.

मोहाची फुले सरली, टेंभुर्णी पिकली, तेव्हा अस्वलीण भाचराचे कौतुक करून परतली. वाटभर तिच्या जिवाची घालमेल चालली होती. पिल्लू आपल्याला विसरले तर नसेल? पण तिची चाहूल लागताच गुटगुटीत झालेले पिल्लू धावत आले आणि तिच्या अंगावर कोसळले. मग काय मनात आले कोण जाणे, ते तसेच बिळाकडे पळाले आणि चघळून चघळून उरलेले मूठभर गवत तोंडात धरून आणून त्याने तिच्या पायाशी ठेवले. अस्वलिणीला रडूच फुटले. डोळे पुसून ती साळिंदराकडे वळली. पहिल्या दिवशी जेवला का, फार रडला का, मेघगर्जनेला घाबरला तेव्हा काय केलेत? तिचे प्रश्न संपेनात.

"आता तुझी पाळी वाटतं," असे म्हणून साळिंदर हसले, आणि एकेका प्रश्नाचे उत्तर देत बसले.

तात्पर्य : 'काळजी करू नकोस' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आपला जीव सोपवावा तो 'काळजी कशी घेऊ?' असे विचारणाऱ्याच्या हाती.