राखणदारिणीचा दगड

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रंगकाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव उपल. त्याच्या अंगणात आजोबांच्या काळापासूनचा निळीचा एक मोठा रांजण पुरलेला होता. निळीचा रांजण विरजणासारखा असतो. तो रोज ढवळावा लागतो, चुना आणि गूळ घालून जागता ठेवावा लागतो, आणि एकदा का तो निवला की नवा उठवायला वर्ष जाते. उपलाच्या घरचा रांजण तीन पिढ्यांत एकदाही निवला नव्हता. त्यातून कापड हिरवट निघे, वाऱ्याला लागताच निळे होई, आणि त्या निळ्या कापडावर उपल, त्याची बायको चंपिका आणि दोन मुली जगत होत्या.

नगरातल्या सगळ्या रंगकारांनी मिळून आपली एक श्रेणी, म्हणजे धंद्याचा संघ, बांधली होती. कोरंड नावाचा सधन रंगकार तिचा मुख्य होता. श्रेणीचा एक जुना नियम होता. काम करताना ज्याला दुखापत होईल, त्याच्या औषधपाण्याचा खर्च सामाईक पेटीतून व्हायचा. या नियमाचा त्या लोकांना फार अभिमान होता आणि परगावच्या पाहुण्यांना ते तो आवर्जून सांगत.

रंगवलेली कापडे नदीच्या वाळूवर वाळत पडत. त्यांची राखण एक तांबूस कुत्री करी. गाय आली, गाढव आले, माकडे आली की ती भुंकून पळवून लावी. तिला कुणी बांधले नव्हते, कुणी शिकवलेही नव्हते. कोरंडाच्या घरी तिला ताम्रा म्हणत, वरच्या आळीत भिंगरी म्हणत, आणि चंपिका तिला नुसते 'बाई' म्हणे. प्रत्येकाला ती आपलीच वाटे, कारण प्रत्येकाचे कापड ती राखत होती. भाकरीचा तुकडा मात्र जो तो शेजाऱ्याने घातला असेल असे समजून चाले.

एके दिवशी दुपारी कोरंडाची मोठी कापडे वाळूवर पसरलेली असताना एक माजलेला मोकाट बैल तिकडे धावला. कुत्री त्याच्या आडवी गेली. तिने त्याला कापडांवरून हाकलले, पण जाता जाता बैलाने तिला शिंगाने उडवले आणि मागच्या पायावर खूर दिला. ती कोरंडाच्याच कापडावर पडली. आरडाओरडा ऐकून माणसे धावली. सर्वांत आधी पोचला कोरंड. त्याने वाकून पहिला हात कुत्रीला लावला नाही, कापडाला लावला. रक्ताचा डाग पडला म्हणून त्याने कापड तिच्या अंगाखालून ओढून काढले, आणि ती वाळूवर गडगडली. हे उपलाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. अंगावरच्या उपरण्यात तिला गुंडाळून तो घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी श्रेणीची सभा भरली. उपलाने उठून साधी गोष्ट मांडली: कुत्री काम करताना जखमी झाली आहे, तेव्हा नियमाप्रमाणे तिच्या उपचाराचा खर्च पेटीतून व्हावा. सभेत आधी हशा पिकला. मग शहाण्या माणसांनी शहाणपण सांगायला सुरुवात केली. आज कुत्री म्हणाल, उद्या गाढव म्हणाल, मग थांबायचे कुठे, असे एकाने विचारले. नियम माणसांसाठी आहे, असे दुसरा म्हणाला. शेवटी कोरंडाने विचारले, "ही कुत्री कुणाची, ते आधी कुणीतरी सांगा." ज्या घरांनी तिला लाडाची नावे दिली होती, त्या घरांतले उपलाखेरीज एकही माणूस पुढे आले नाही. तेव्हा ती कुणाचीच नाही असे ठरले.

पण ही माणसे निर्दय होती असे कुणी समजू नये. कोरंडाने तिच्या इमानाचे असे वर्णन केले की दोघा-तिघांनी डोळे पुसले. ती काही आता वाचत नाही, तेव्हा तिच्या नावाने नदीकाठी एक दगड उभारावा, असे त्याने सुचवले, आणि पाथरवटाचा खर्च पेटीतून करायला सर्वांनी एकमुखाने होकार दिला. औषधाला पेटी बंद होती, दगडाला ती लगेच उघडली. कुत्री त्या वेळी उपलाच्या ओसरीवर जिवंत पडली होती आणि पाणी पीत होती.

आता कुणी विचारील, बोधिसत्त्वाला राग कसा येतो? येतो. उपल सभेतून निघाला तो रागातच. फक्त त्या रागाला काय काम द्यायचे हे त्याला समजत होते. तो थेट राजाच्या हत्तींचा वैद्य सोमिल याच्याकडे गेला.

सोमिल दयाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता, पण कामाला चोख होता. त्याने येऊन कुत्रीला तपासले. पाय कापावा लागेल, जुने तूप आणि मध महिनाभर लागेल, मला रोज यावे लागेल, असे सांगून त्याने आपले मोल सांगितले. इतके मोल त्याच्या घरात एकाच वस्तूचे होते.

वैद्य गेल्यावर चंपिकेने चुलीवरची भाकरी उलटली आणि विचारले, "कुठवर जायचं ठरवलंय तुम्ही?"

"मला ठाऊक नाही," उपल म्हणाला. "मुलींच्या धान्याला हात लावायचा नाही, एवढं ठाऊक आहे. आणि तिनं खाणंपिणं सोडलं, तिला जगणं नकोसं झालं, तर तिला ओढून धरायचं नाही. या दोहोंच्या मधे काय काय येतं, तेच बघतोय."

"मधे रांजण येतो," चंपिका म्हणाली. "सकाळपासून तीन वेळा त्याच्याभोवती फिरून आलात. मी पाहिलंय."

उपल म्हणाला, "तो माझ्या एकट्याचा नाही. तू नाही म्हणालीस तर तो विकायचा नाही."

चंपिकेला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हते. भाकरी करपली. मग तिने तीच करपलेली भाकरी कुसकरून दुधात कालवली आणि कुत्रीपुढे ठेवली. कुत्रीने मान उचलली आणि चाटून पुसून खाल्ली. ते पाहून चंपिका म्हणाली, "हिचं ठरलेलं दिसतंय. न्या तो रांजण."

रांजण घेतला कोरंडाने. वैद्याचे मोल कसेबसे भागेल एवढेच त्याने दिले, वर पैसा दिला नाही. कुत्र्यापायी आजोबांची नीळ घालवणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असे तो चारचौघांत म्हणाला. त्याच्या माणसांनी रांजण खणून काढला आणि गाडीवर हिसके देत नेला.

सोमिलाने पाय कापला. नवव्या दिवशी जखम चिघळली आणि ठरल्यापेक्षा जास्त तूप लागले. विकायला आता काही उरले नव्हते. तेव्हा उपल कोरंडाच्याच अंगणात रोजाने पाणी भरू लागला. ज्या रांजणाला त्याने आयुष्यभर जागते ठेवले होते, तो त्याच्या डोळ्यांदेखत निवत गेला. गूळ वेळेवर पडत नव्हता, ढवळणारे हात रोज वेगळे होते. उपलाने दोनदा सांगून पाहिले. कोरंड म्हणाला, "उपला, तू पाणी भर." उपलाने पाणी भरले, संध्याकाळी तूप घेतले आणि तो घरी गेला. एका महिन्यात रांजण मेला आणि कुत्री तीन पायांवर उभी राहिली.

इकडे दगड तयार झाला होता. खर्च झालाच आहे तर तो उभारावाच, असे श्रेणीने ठरवले. पौर्णिमेच्या दिवशी नदीकाठी सगळे रंगकार नवी वस्त्रे नेसून जमले. दगडावर बैलाला पळवणारी चार पायांची कुत्री कोरली होती, आणि खाली अक्षरे होती: 'पोतनच्या रंगकार श्रेणीच्या राखणदारिणीचा हा दगड.' कोरंड तिच्या गुणांविषयी बोलत असताना उपल आला. त्याच्या मागून लंगडत ती कुत्रीही आली. ऊन कडक होते आणि वाळूवर दुसरी सावली नव्हती. ती माणसांमधून वाट काढत गेली आणि त्या दगडाच्या सावलीत अंग टाकून बसली.

कोरंडाचे बोलणे थांबले. मागे कुणीतरी हसले, आणि मग कुणीच हसेना.

उपल म्हणाला, "मुख्य, दगडावर लिहिलंय की ही श्रेणीची राखणदारीण. सभेत ठरलं होतं की ही कुणाचीच नाही. दोन्ही एकदम खरं असणार नाही. तेव्हा एक काय ते आज पुसून टाका. ती कुणाचीच नसेल तर छिन्नी आणा आणि अक्षरं खोडा. ती श्रेणीची असेल तर तिची जखम श्रेणीची होती, आणि इथून पुढं तिची भाकरीही श्रेणीची आहे."

एका म्हाताऱ्या रंगकाराने खाली मान घालून विचारले, "आणि तुझा रांजण, उपला?"

"रांजण मी माझ्या मनानं दिला. त्याचं मागणं नाही," उपल म्हणाला. "ती जिवंत असताना तुम्ही तिचा दगड घडवत बसलात, याचा मला राग आहे. तो मी झाकणार नाही."

छिन्नी आणायला कुणी उठले नाही. मग त्या म्हाताऱ्याने नैवेद्याचे ताट दगडापुढून उचलले आणि कुत्रीपुढे ठेवले. त्याच दिवशी, त्याच वाळूवर, जुन्या नियमात बैल, गाढव आणि कुत्री यांची भर पडली. कोरंडानेही हात वर केला. सगळ्यांचे वर झाल्यावर केला, पण केला.

उपलाचा रांजण परत आला नाही, कारण परत द्यायला तो उरलाच नव्हता. पुढच्या वर्षी उपलाने नवा उठवला. त्याचा निळा रंग आजोबांच्या रंगाइतका खोल कधीच उतरला नाही. कुत्री आणखी सहा वर्षे जगली आणि रोज दुपारी आपल्या दगडाच्या सावलीत झोपत राहिली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे संघाचे गुरू, भिक्षूंना म्हणाले, "त्या जन्मीचा कोरंड म्हणजे हा स्थविर पुनर्वसू, जो आजारी भिक्षू सीवक याच्या कुटीवरून रोज नाक दाबून गेला आणि काल धर्मसभेत त्याच्या गुणांवर घटकाभर बोलला. ती कुत्री म्हणजे सीवक. तो अजून जिवंत आहे आणि त्याला पाणी हवे आहे. चंपिका म्हणजे त्याला पेज पाठवणारी उपासिका सोणा, सोमिल म्हणजे तिने आणलेला वैद्य, आणि उपल रंगकार मीच होतो. भिक्षूंनो, त्या जन्मी मी करुणेची पारमिता, म्हणजे तिची परिपूर्णता, आचरली. जीव असेतोवर जी त्याच्यापर्यंत पोचते, तिलाच मी करुणा म्हणतो." पुनर्वसू उठला, त्याने कोपऱ्यातले पाण्याचे मडके उचलले आणि तो सीवकाच्या कुटीकडे गेला.