हजेरीतले तीन दगड

एका राज्यात राजापेक्षा सभेचा शब्द मोठा होता. एकवीस गावांनी निवडलेले एकवीस जण सभेत बसत. हात वर तो होकार, हात खाली तो नकार. बहुमत होईल तसा राजा निमूट शिक्का उठवी. राज्य शहाणे खरे, पण शहाण्यालाही दृष्ट लागतेच.

विखारनाथ नावाचा मांत्रिक स्वतः कधी निवडून आला नाही, पण त्याच्या निशाणाखाली चौदा जण आले. त्याने प्रत्येकाच्या मनगटाला काळा गंडा बांधला. त्याने बोट उचलले की चौदा हात वर जात. जो हात खाली ओढी त्याचा गंडा तुटे आणि तो जागीच दगड होई. मंत्राला अट एकच होती: सभेत विखारनाथ एकदाही हरता कामा नये.

चौदांपैकी तिघे जण दगड झाले होते. त्यांच्या गावांनी नवी माणसे धाडू नयेत म्हणून विखारनाथाने त्यांची नावे हजेरीत तशीच ठेवली. नाव पुकारले की त्याची पढवलेली मैना म्हणे, "हजर!"

डोहवाडीची भिवरा त्याच निशाणाखालची. देवराई तोडायचा ठराव आला, तिचा हात वर गेला. गुराख्यांना कुरणातून हाकलायचा आला, तेव्हाही गेला. "हात गेला, मी नाही," असे ती गावात सांगे. लोक ऐकून घेत आणि उठून जात. ते तिला फार लागे.

तिसरा ठराव तिच्याच गावच्या तळ्याचा निघाला. तळाशी शापित सोन्याचे हंडे होते. बांध फोडून ते काढायचे. बांधाच्या पायथ्याशी डोहवाडी. भिवराने पाटाचे पाणी राखणाऱ्या म्हादू पाटकऱ्याला विचारले, "बांध फुटला तर पाणी किती वेळात येईल?"

"दोन घटकांत, बाई."

"आणि लेकरे घेऊन टेकडी चढायला?"

"पाच लागतात."

सभा भरली. अमात्यांनी हजेरी सुरू केली. "गोंदाजी?" शेजारच्या दगडाचे नाव. हा गोंदाजी तिला आपल्यातली अर्धी भाकरी देत असे. "हजर!" मैना म्हणाली.

भिवरा चटकन उठली. "अमात्य, जो हजर तो मोजायचा ना?"

"नियमच आहे."

"मग या तिघांना का मोजत नाही?"

वृद्ध अमात्य ओशाळले. "कोणी विचारलेच नाही."

विखारनाथ खदखदून हसला. "मोजा की! दगड काय हात वर करणार?"

हसण्याच्या भरात तो गणित विसरला. भिवरा विसरली नाही. विरोधातले सात आणि दगड तीन, झाले दहा. निशाणाखालचे अकरा, आणि अकरावी ती. आता सारे तिच्याच हातावर आले. आपण उगीच विचारले, असे तिला क्षणभर वाटले.

बोट उचलले गेले. तिचा हात खेचला जाऊ लागला. तिने तो डाव्या हाताने दाबून धरला. "पाच घटका, पाच घटका," ती पुटपुटत राहिली. गंडा तुटला. पाय गार पडले, गुडघे जड झाले. तिला फार भीती वाटली. तिला घरी जायचे होते. अमात्य मात्र एकेका हाताला बोट लावून मोजत होते, आणि त्यांना घाई कधीच नसे. कंबर गेली, छाती गेली, गळा आवळला.

"वर दहा. खाली अकरा. ठराव पडला."

दहा गंडे गळून पडले. भिवराला श्वास आला. गोंदाजीने अंग झाडले आणि विचारले, "कोणता ठराव चालला आहे?" विखारनाथाच्या जागी चिमूटभर राख होती. मैनेने त्याचे नाव तीनदा पुकारले. हजर कोणी म्हणाले नाही.

कुरण गुराख्यांना परत मिळाले, देवराईत नवी रोपे लागली. भिवरा डोहवाडीला पोचली तेव्हा सारा गाव बांधावर गोळा झाला होता.

"आज हात मी खाली धरला," ती म्हणाली. "आणि आधी दोनदा वर गेला, तोही माझाच होता."

या वेळी कोणी उठून गेले नाही. म्हादूने सरकून तिला बांधावर जागा करून दिली.